दिवा तसा दाखवतो

"तेवढा राहू दे," आत्या म्हणाल्या.

मी स्टुलावर उभी होते. डाव्या हातात नवा दिवा, उजवा हात होल्डरपाशी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खोलीच्या दारात अळिवाचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"शेवटचाच आहे," मी म्हटलं. "दहा बदलून झाले. हा एक झाला की संपलं."

"बाळंतिणीसाठी ठेवलीय ती खोली. तिथं ऊब लागती. तुझ्या त्या नळकांड्यातनं ऊब येती का?"

"नाही येत. म्हणून तर वीज वाचते. या शंभराच्या बल्बात पंच्याण्णव भाग उष्णताच तयार होते, आत्या. उजेड जेमतेम पाच भाग."

"मग आम्हाला ते पंच्याण्णवच पाहिजेत की. लेकराला काय पेपर वाचायचाय?"

बाहेर ओसरीवर मामा, माझे सासरे, मोठ्यानं हसले. "हरलीस, मास्तरीण."

मी खाली उतरले. खरोखरच हरले होते. डिसेंबरची थंडी होती, तान्ह्या मुलाला ऊब लागते, आणि बल्ब ऊब देतो. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. अकरावा दिवा मी पुन्हा खोक्यात ठेवला.

ही २००८ सालची गोष्ट. बार्शीत तेव्हा दिवसाचे आठ तास वीज नसायची. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण घरातले सगळे पिवळे बल्ब एकदम लावले की बॅटरी तासाभरात मान टाकायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. वर्गात वीजबचतीवर बोलायचं आणि घरी येऊन शंभराच्या बल्बाखाली पेपर तपासायचे, हे मला पटेनासं झालं, म्हणून सीएफएलचे पांढरे दिवे आणले. धनंजय, माझा नवरा, नोकरीसाठी नाशिकला असायचा, त्यामुळे स्टुलावर चढायचं कामही माझंच.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळे नवे दिवे लागले. मामा ताटावर बसले आणि वाटीत बघत राहिले.

"जयश्री, हे वरण आहे का कढी?"

"वरणच आहे, मामा."

"मग त्याला काय झालंय?"

सारिका आरशासमोर जाऊन आली. ही माझी नणंद. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते आणि ती माहेरी आली होती. घरात सगळे तिच्याभोवती पावलं न वाजवता फिरत होते.

"वहिनी, मी तर आत्ताच दवाखान्यातनं आल्यासारखी दिसतीय," ती म्हणाली.

"शुभ बोल गं," आत्या म्हणाल्या. "पण खरंय. सगळीच आजारी दिसतायत या उजेडात."

मला शिकवायची सवय. मी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "उन्हात सगळे रंग असतात. पिवळ्या बल्बात लाल-पिवळा भरपूर आणि निळा अगदी कमी. या नव्या दिव्यात तीन-चार रंग जोडून पांढरा उजेड केलेला असतो, मधले बरेच गायब. जो रंग उजेडातच नाही तो वस्तूवर दिसणार कुठून? आत्या, तुमचं कुंकू बघा आरशात, तपकिरी दिसेल. कुंकू बदललं का? नाही. दिवा तसा दाखवतो."

हे शेवटचं वाक्य घराला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी भाकरी करपली तर आत्या म्हणाल्या, "करपली नाही, दिवा तसा दाखवतो." मामांना सारिकानं केस काळे करायला सांगितलं तर तेच उत्तर. शेजारच्या काकू वीज गेल्यावर आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या, त्यांनीही ते उचललं. आठवडाभरात ते माझं राहिलं नाही, घराचं झालं. मला बरं वाटत होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्या घरात माझं म्हणून काही रुजलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

सारिकाला मुलगी झाली. अडीच किलोची, सगळं नीट. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि आत्यांना बसवून घेतलं.

"थोडी पिवळसर वाटतेय. बऱ्याच बाळांना होते, जाते आपोआप. पण आईचा रक्तगट ओ आहे आणि हिचा ए, म्हणून जरा लक्ष ठेवा. पाचव्या दिवशी दाखवायला आणा. त्याआधी पिवळेपणा वाढतोय असं वाटलं, किंवा दूध ओढेनाशी झाली, तर वाट बघू नका. कावीळ डोक्यात चढली की मग आमच्या हातात फारसं राहत नाही."

कार्डावर त्यांनी लिहिलं होतंच, तरी मी माझ्या वहीतही लिहून घेतलं.

रिक्षात बाळ आत्यांच्या मांडीवर होतं, टोपरं डोळ्यांपर्यंत ओढलेलं. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "पाचव्या दिवशी तर पाचवी."

"हो ना," सारिका म्हणाली.

"सटवाई त्या दिवशी घरात येती कपाळ लिहायला. आणि आपण लेकराला उंबऱ्याबाहेर काढायचं? सातव्या दिवशी नेऊ."

"पण आई, डॉक्टर म्हणाले..."

"लक्ष ठेवा म्हणाले. ठेवू की. घरात चार माणसं डोळ्यांत तेल घालून बसलीत."

सारिकानं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. दवाखान्यात आदल्याच दिवशी मी म्हणाले होते की बाळाच्या अंगाला हळद-तेल लावू नये, कातडी नाजूक असते. आत्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "ज्याचं झालंय त्याला कळतं, जयश्री." रागानं नाही. त्या कधी रागानं बोलत नसत. पण सहा वर्षांत त्यांनी एवढं पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

लक्ष मात्र सगळ्यांनी ठेवलं, हे मला सांगायलाच हवं. कुणी हयगय केली नाही. बाळंतिणीच्या खोलीची एकुलती खिडकी वारं लागू नये म्हणून गोधडी ठोकून बंद केली होती. बल्ब वायरनं खाली घेतला होता, पाळण्यापासून तीन हातांवर. आम्ही आळीपाळीनं आत जायचो आणि पाळण्यात वाकून बघायचो. मामा दारातूनच विचारायचे, "पिवळी दिसती का?"

"कुठली पिवळी," आत्या म्हणायच्या. "डाळिंबाच्या दाण्यासारखी आहे नुसती."

आणि तशीच दिसायची. मीही बघितलं. त्या उजेडात तिचं कपाळ, गाल, मुठी, सगळं उबदार गुलाबी होतं.

रोज सकाळी कौसाबाई यायच्या, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला. गावातली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालेली. चौथ्या दिवशी बाळाला पुसताना पंचा पिवळा झाला. मी थबकले तशा त्या म्हणाल्या, "हळद हाय ती, मास्तरीणबाई. अंगाला लावल्याली उतरणारच."

"फार झोपते का हो ही?"

"गुणी हाय. माझ्या हातात लेकरं किंचाळून घर डोक्यावर घेत्यात. ही बघा, हूं न्हाई का चूं न्हाई."

संध्याकाळी मी अळिवाची खीर घेऊन गेले तेव्हा सारिका बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होती. "वहिनी, ही दूध ओढता ओढताच झोपते. उठवलं तरी उठत नाही."

"कौसाबाईंना सांगितलंस?"

"त्या म्हणाल्या, पान्हा भरपूर आहे, चार घोटांत पोट भरतं." तिनं बाळाचा हात उचलून सोडला. तो कापसासारखा खाली आला. "भरत असेल ना?"

"असेल," मी म्हटलं.

पाचवीची पूजा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला झाली. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडला, त्याला हळद-कुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईला लिहायला लागेल म्हणून. मामांनी दारातून विचारलं, "पेनात शाई आहे ना? नाहीतर तिला वाटायचं, या घरात सगळंच काटकसरीचं." सारिका हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग आत्यांनी बाळाला उचललं आणि देवापुढे ठेवायला माजघरात आणलं.

माजघरात माझा दिवा होता. देव्हाऱ्याच्या बरोबर वर, पांढरा, लख्ख. आत्या त्याखाली आल्या, बाळाचं टोपरं मागे सरलं, आणि उजेडानं की कशानं, तिनं क्षणभर डोळे उघडले.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

"आत्या," मी म्हटलं, "ही पिवळी दिसतेय."

त्या थांबल्या. वाकून बघितलं. सारिका खोलीच्या दारापर्यंत आली, भिंतीला धरून. कोणी काही बोलण्याआधी मामा ओसरीवरून म्हणाले, "दिवा तसा दाखवतो."

आत्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्या हसल्या. "बघ की. मी बी पिवळीच दिसतीय. तू बी. तूच म्हणालीस ना?"

"हो, पण डोळे..."

"वहिनी," सारिका म्हणाली. ती हसत नव्हती. "खरं सांग. तुला यातलं कळतं. दिवा आहे का पिवळी आहे?"

मी माझा हात बाळाच्या गालाजवळ धरला. पूजेची हळद बोटांना लागलेली होती. माझा हात तिच्यापेक्षा पिवळा दिसला. मी तो हात बघत राहिले. सटवाईचा दिवस होता. घरातली एकच बाई अशी होती जिला मूल नव्हतं, आणि तीच लेकराकडे बघून वाईट बोलत होती. हे कुणी म्हटलं नाही. कुणी म्हणणारही नव्हतं. पण ते मी ऐकलं.

"दिवाच असेल," मी म्हटलं. "या उजेडात रंगाचं काही खरं नसतं."

आत्यांनी बाळाला परत आत नेलं, बल्बाखाली धरलं, आणि तिथून म्हणाल्या, "ये, बघ. आहे का कुठं पिवळी?"

मी गेले. बघितलं. डाळिंबाचा दाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं बारावीचं प्रात्यक्षिक होतं. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावला होता, नुसता पिवळा, दुसरा कुठलाही रंग नसलेला. मुलं एकेक करून नोंदी दाखवत होती. एका मुलीनं कागद पुढे केला, मी आकडे तपासले, सही केली, आणि म्हटलं, "छान. स्वच्छ पांढऱ्या कागदावर लिहिलंस, इतरांनी रद्दीवर खरडलंय."

ती कागद घेऊन बाहेर गेली आणि लगेच मैत्रिणीला घेऊन हसत परत आली. "मॅडम, हा पिवळाय. वहीच्या मागचं पिवळं पान फाडलं होतं मी." तिनं तो दारात, दिवसाच्या उजेडात धरला. हळदीसारखा पिवळा.

मग ती दोन पावलं आत आली. कागद पांढरा झाला.

"असं कसं होतं, मॅडम?" मैत्रिणीनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर मला पाठ होतं. पिवळं आणि पांढरं यांत फरक असतो तो निळ्याचा. पांढरं निळा परत पाठवतं, पिवळं खाऊन टाकतं. उजेडात निळाच नसेल तर दोन्ही सारखीच दिसतात. जेवताना मी हेच सांगितलं होतं, माझ्या तोंडानं. बल्बात निळा अगदी कमी. मी नव्या दिव्याचं खोटं तेवढं सगळ्यांना शिकवलं होतं. जुना काय लपवतो ते कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही.

मी मुलांना तसंच सोडलं. रिक्षा मिळेना म्हणून चालत निघाले, मग पळाले.

घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. आत्या स्वयंपाकघरात होत्या. मी सरळ खोलीत गेले, पाळण्यातून बाळाला उचललं. ती उठली नाही. सारिका झोपेतून दचकून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. उन्हात नेते."

"जयश्री," आत्या मागून आल्या, "बारसं व्हायच्या आत..."

मी थांबले नाही. माजघर, ओसरी, उंबरा ओलांडला आणि अंगणात तुळशीजवळ उभी राहून दुपटं उघडलं.

आत्या पायरीवर आल्या. काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

ती पायाच्या बोटांपर्यंत पिवळी होती. तळवे सुद्धा.

डॉक्टरांनी बघितलं आणि सोलापूरला फोन लावला. मामांनी जीप आणली. मोठ्या दवाखान्यात तिचं सगळं रक्त बदललं, आणि मग तिला डोळे बांधून काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांखाली ठेवलं. निळा उजेडच रक्तातला तो पिवळा जिन्नस मोडतो. मला ते माहीत होतं. मी काचेबाहेर उभी राहून त्या उजेडाकडे बघत होते. आत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यामुळं वाचली. मी नडले असते. तू ऐकलं नाहीस, बरं केलंस."

मी तिथेच सांगायला हवं होतं.

"कधीपासून पिवळी होती?" लहान मुलांच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं. "आधीच्या दिवशी लक्षात आलं नाही?"

"खोलीत पिवळा बल्ब होता," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. हे खोटं नव्हतं.

बाळ जगलं. सातआठ महिन्यांची झाली तेव्हा लक्षात आलं की थाळी पडली तरी ती वळून बघत नाही. तपासण्या झाल्या. काविळीनं कानाची नस गेली होती. कानाला मशीन लावलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. किती तास आधी आणलं असतं तर वाचली असती, हे कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्यांना ते नेमकं सांगताही आलं नसतं. पण कावीळ तासांवर चढते हे मी नंतर सगळं वाचून काढलं, आणि पाचवीच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत साडेसतरा तास होतात.

घरात ही गोष्ट एकाच तऱ्हेनं सांगितली जाते. वहिनी कॉलेजातून पळत आली, कुणाचं न ऐकता पोरीला उन्हात नेलं, म्हणून आज ती आहे. मामा होते तोवर पाहुण्यांना सांगायचे. आत्या अजून सांगतात. 'दिवा तसा दाखवतो' मात्र घरात पुन्हा कुणी म्हटलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच बंद झालं. सारिका ती गोष्ट सांगत नाही, आणि कुणी सांगत असलं की उठून आत जाते. तिला तिचा प्रश्न आठवतो का, माझं उत्तर आठवतं का, हे मला पंधरा वर्षांत समजलेलं नाही.

मागच्या दिवाळीत मैथिली, सारिकाची ही मुलगी, आमच्याकडे चार दिवस राहायला आली. पंधरा वर्षांची, उंच, माझ्याशी बुद्धिबळात जिंकणारी. ओठ वाचते, आणि बोलतेही; आवाज सपाट आहे, पण सवय झाली की सगळं समजतं. एका संध्याकाळी आम्ही खिडकीपाशी बसलो होतो. तिनं डाव थांबवला.

"मामी, आजीनं परत तीच गोष्ट सांगितली. तू मला उन्हात नेलंस ती."

"हं."

"आई म्हणाली, तुला विचार. नीट सगळं मामीला माहितीये, म्हणाली."

मी तिच्याकडे बघितलं. "आई असं म्हणाली?"

"हो. कालच. मला म्हणाली, विचार." तिनं घोडा बोटांत फिरवला. "त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

माझी पाठ खिडकीकडे होती. बाहेर मावळत आलं होतं, घरात अजून दिवा लावला नव्हता. मी खाली पटाकडे बघत बोलले. सगळं सांगितलं, माजघर, देव्हारा, तिनं उघडलेले डोळे, सारिकाचा प्रश्न. मी काय म्हणाले ते, जसंच्या तसं. पंधरा वर्षं मनात तयार असलेली वाक्यं होती, एकही शब्द अडला नाही. संपल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी मान वर केली.

मैथिली डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मामी, मला दिसलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर अंधार आहे."

ती उठली. भिंतीवरचं बटण दाबलं. माझ्या डोक्यावरचा दिवा लागला, पांढरा, लख्ख. परत येऊन तिनं आपली खुर्ची पुढे ओढली, इतकी की आमचे गुडघे टेकले. पट बाजूला सारला.

"आता सांग," ती म्हणाली.